वाचकांचे प्रश्न : संगणकाच्या पडद्यावरील सूर्यमाला

सूर्यमालेचा फेरफटका घडवणारे संगणक-कार्यक्रम आता घरोघरी आणि शाळाशाळांतून वापरले जाऊ लागले आहेत. त्यांच्याविषयी आलेल्या पत्रांतील काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. ज्या प्रश्नांना सविस्तर उत्तराची गरज होती त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जुने संगणक आहेत आणि इंटरनेटचा भरवसा नसतो. सातवी-आठवीच्या मुलांना सूर्यमाला दाखवण्यासाठी कोणते मोफत सॉफ्टवेअर वापरावे? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : तीन कार्यक्रमांचा विचार करावा, कारण तिघांचे काम वेगवेगळे आहे. ‘स्टेलॅरियम’ आपल्या गावातून दिसणारे आकाश दाखवते. ‘सेलेस्टिया’ आपल्याला पृथ्वी सोडून अवकाशात कुठेही नेऊन उभे करते; २००१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या कार्यक्रमात हिप्पार्कोस उपग्रहाने मोजलेले एक लाखाहून अधिक तारे आहेत. तिसरा ‘आइज ऑन द सोलर सिस्टिम’, हा अमेरिकेतील पॅसाडिना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचा, म्हणजे जेपीएलचा कार्यक्रम ब्राउझरमध्येच चालतो आणि त्यात नासाच्या अंतराळयानांचे प्रवास पाहता येतात. त्याला सतत इंटरनेट लागते, म्हणून आपल्या शाळेसाठी पहिले दोनच योग्य ठरतील. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात, आणि संगणक फारच जुना असेल तर त्यांच्या जुन्या आवृत्त्या वापराव्यात.

एक सूचना आग्रहाने करावीशी वाटते. सुरुवात शनीच्या कड्यांपासून न करता चंद्रापासून करावी. स्टेलॅरियममध्ये आपले गाव निवडून, रोज एकेक दिवस पुढे सरकत अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत चंद्र पाहावा. मग सेलेस्टियामध्ये पृथ्वीच्या उत्तर ध्रुवाच्या बऱ्याच वर जाऊन त्याच तारखांना चंद्र सूर्याच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात हा मुलांच्या मनात घट्ट बसलेला गैरसमज फळ्यावरच्या आकृतीने सहसा जात नाही. तोच चंद्र दोन ठिकाणांहून पाहिल्यावर तो जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. मात्र माउस मुलांच्या हातात असला पाहिजे. शिक्षकाने दाखवायचे आणि मुलांनी नुसते पाहायचे असेल, तर त्यापेक्षा एखादी चित्रफीत बरी.

प्रश्न : मी निवृत्त सर्वेक्षक आहे. अशा कार्यक्रमांत ग्रह इतके मोठे आणि एकमेकांच्या इतके जवळ दिसतात की प्रमाणाविषयी शंका येते. हे चित्र प्रमाणात असते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पहिल्या दर्शनी चित्र बहुधा प्रमाणात नसते, आणि ते तसे असूही शकत नाही. याचे कारण साध्या गणिताने समजते.

नेहमीच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० पिक्सेल असतात असे धरू. डाव्या कडेला सूर्य आणि उजव्या कडेला नेपच्यून ठेवला, तर सुमारे ४५० कोटी किलोमीटरचे अंतर या १,९२० ठिपक्यांत बसवावे लागते. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला साधारण २३ लाख ४० हजार किलोमीटर येतात. सूर्याचा व्यास १३ लाख ९२ हजार किलोमीटर असल्याने खुद्द सूर्यालाच एक पूर्ण पिक्सेल मिळत नाही. गुरूला पिक्सेलचा सोळावा भाग मिळतो आणि पृथ्वीच्या वाट्याला सुमारे एकशे चौऱ्याऐंशीवा भाग येतो. तेव्हा खरे प्रमाण पाळणारा पडदा काळाच दिसेल. म्हणून कार्यक्रम लिहिणाऱ्यांना दोनपैकी एक वाट धरावी लागते. एक तर ग्रह शेकडो पटींनी फुगवून दाखवायचे, नाही तर ग्रह आहेत त्याच आकाराचे ठेवून त्यांच्या जागी नाव आणि कक्षेची रेघ काढायची. ही रेघ पडद्यावर ठराविक जाडीची असते, आपण जवळ जा वा दूर जा. अवकाशात तिच्या जागी काहीही नाही. सेलेस्टिया दुसरी वाट धरते, आणि माझ्या मते तीच अधिक प्रामाणिक आहे. ग्रह फुगवण्याची सोय असलेल्या कार्यक्रमात ती बंद करण्याचे बटणही बहुधा असते. ते शोधून एकदा तरी बंद करावे. त्यानंतर जे रिकामेपण पुढे येते, ते सूर्यमालेविषयीचे एक महत्त्वाचे सत्य आहे.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. नेदरलँड्समधील फ्रानेकर गावात आइसे आइसिंगा या लोकर विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाने १७७४ ते १७८१ या काळात स्वतःच्या बैठकीच्या खोलीच्या छतावर चालती सूर्यमाला बांधली. ती आजही चालू आहे, आणि २०२३ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्याने अंतरांसाठी १० लाख किलोमीटरला १ मिलिमीटर हे प्रमाण घेतले, पण त्या प्रमाणात ग्रहांचे गोळे करणे त्यालाही शक्य नव्हते. या कामामागचे कारणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे १७७४ मध्ये चंद्र आणि काही ग्रह आकाशात एकमेकांजवळ आल्यामुळे पृथ्वी आपल्या कक्षेतून ढळेल, अशी भीती एका पुस्तिकेने पसरवली होती. ग्रह प्रत्यक्षात कुठे असतात हे लोकांना डोळ्यांनी दिसावे, असे आइसिंगाला वाटले.

आपण सर्वेक्षक असल्याने आणखी एक मार्ग सुचवतो. मोकळ्या जागेत १ मीटर व्यासाचा सूर्य मांडला, तर ९ मिलिमीटरची पृथ्वी १०७ मीटरवर, १० सेंटिमीटरचा गुरू सुमारे ५६० मीटरवर आणि साडेतीन सेंटिमीटरचा नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर येतो. एकदा ही अंतरे पायी चालून पाहिली की पडद्यावरचे चित्र कुठे सैल सोडले आहे ते आपोआप कळू लागते.

प्रश्न : १९८९ साली व्हॉयेजर-२ नेपच्यूनजवळून गेले, ते दृश्य ‘आइज ऑन द सोलर सिस्टिम’मध्ये ‘जसेच्या तसे’ दिसते म्हणतात. ते यान तेव्हा नेमके कुठे होते हे संगणकाला कसे कळते? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मोजमापांवरून केलेल्या गणिताने. जेपीएलमधील एक गट ‘स्पाइस’ नावाची माहितीप्रणाली सांभाळतो. कोणत्या क्षणी यान कुठे होते, ग्रह आणि त्याचे चंद्र कुठे होते, यानाचे तोंड कोणत्या दिशेला होते आणि त्यावरील कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्रात काय येत होते, हे सर्व तिच्या फायलींत साठवलेले असते. या फायली मुळात शास्त्रज्ञांसाठी आहेत, कारण यानाने काढलेला फोटो ग्रहाच्या कोणत्या भागाचा आहे हे त्यांच्याशिवाय ठरवता येत नाही. ‘आइज’ कार्यक्रम तीच माहिती आपल्यासमोर चित्ररूपाने मांडतो. म्हणून त्यात विसाव्या शतकाच्या मध्यापासून एकविसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची कोणतीही तारीख निवडता येते, आणि २५ ऑगस्ट १९८९ ही तारीख लावली की व्हॉयेजर-२ नेपच्यूनच्या ढगांपासून सुमारे ५,००० किलोमीटरवरून त्याच्या उत्तर ध्रुवाकडून सरकताना दिसते.

ग्रहांच्या स्थानांसाठी जेपीएलची स्वतःची सारणी आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली तिची ‘डीई ४४०’ ही आवृत्ती १५५० ते २६५० या काळासाठी आहे. ग्रहांवर सोडलेल्या रडारलहरींचे प्रतिध्वनी, अंतराळयानांशी होणाऱ्या रेडिओ-संपर्कातून मिळणारी अंतरे, तसेच अपोलो-११च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये आणि पुढच्या मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून परत येणारे लेसरकिरण, अशा मोजमापांशी जुळेल अशा रीतीने सर्व ग्रहांची एकमेकांवरील ओढ पायरीपायरीने मोजून ही सारणी तयार होते.

यानांचे प्रवास चित्ररूपाने दाखवण्याच्या परंपरेतील एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जेपीएलमध्येच जेम्स ब्लिन यांनी व्हॉयेजर यानांच्या ग्रहभेटींचे संगणकीय चलत्चित्रण केले. तेव्हाच्या संगणकांवर एकेक चित्र स्वतंत्रपणे गणित करून काढावे लागे; प्रेक्षकाला कॅमेरा हलवण्याची मुभा असणे शक्यच नव्हते. आज ती मुभा शाळकरी मुलाला आहे. ते यश ज्यांनी अशी एकेक चित्रे जोडून वाट तयार केली त्यांचे आहे, असे मी मानतो.

प्रश्न : जवळ गेल्यावर ग्रहांचे जे पृष्ठभाग दिसतात ते खरे फोटो असतात का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : काही खरे, काही रंगवलेले, आणि काही निव्वळ भर घातलेले. हा फरक कार्यक्रम स्वतःहून सांगत नाही, म्हणून तो आपणच विचारायला हवा.

चंद्र आणि मंगळ यांबाबत निश्चिंत राहावे. त्यांचे नकाशे यानांनी वर्षानुवर्षे काढलेल्या छायाचित्रांचे आहेत. शुक्राचे तसे नाही. त्याचा पृष्ठभाग ढगांखाली कायम झाकलेला असतो, आणि जो नारिंगी नकाशा आपण पाहतो तो मॅजेलन यानाने १९९० ते १९९४ या काळात रडारने केलेल्या मोजणीवरून तयार झालेला आहे. रडारला रंग कळत नाही. तो नारिंगी रंग १९८२ मध्ये शुक्रावर उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा यानांच्या छायाचित्रांवरून सुचलेला आहे. प्लूटोची जी बाजू १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यानाच्या समोर होती ती स्पष्ट दिसते, तर उलट बाजू दुरून टिपलेली असल्याने धूसर आहे. युरेनसच्या चंद्रांची स्थिती याहून बिकट. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ तेथे गेले तेव्हा त्यांचे उत्तर गोलार्ध बहुतांशी अंधारात होते, आणि त्यानंतर तेथे दुसरे यान गेलेलेच नाही. एखाद्या कार्यक्रमात त्यांपैकी मिरांडा या चंद्राचा उत्तर गोलार्ध डोंगरदऱ्यांनी भरलेला दिसला, तर तो चित्रकाराच्या कल्पनेतून आलेला आहे हे नक्की समजावे.

नेपच्यूनच्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे. गडद निळा नेपच्यून आपल्या मनात पक्का बसला आहे, पण तो रंग व्हॉयेजरच्या छायाचित्रांतील ढगांचे तपशील उठून दिसावेत म्हणून मुद्दाम गडद केलेला होता. ऑक्सफर्डचे पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार युरेनस आणि नेपच्यून हे दोघेही फिकट हिरवट निळे असून नेपच्यूनची छटा किंचितच अधिक निळी आहे. आपल्या कार्यक्रमात नेपच्यून अजून गडद निळा असेल, तर तो जुन्या समजुतीवर चालला आहे असे समजावे.

प्रश्न : पंचांगात ग्रह ‘वक्री’ आणि ‘मार्गी’ झाल्याचे लिहिलेले असते. सूर्यमालेच्या कार्यक्रमात मात्र सगळे ग्रह नेहमी एकाच दिशेने फिरताना दिसतात. मग वक्री होणे खोटे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसे खरे असते हे समजून घेण्यासाठी या कार्यक्रमांसारखे साधन मला दुसरे माहीत नाही. पंचांग पृथ्वीवरून दिसणारी स्थिती नोंदवते, तर सूर्यमालेचे चित्र आपल्याला सूर्याच्या वर, दूर नेऊन बसवते. बदलतो तो केवळ पाहणारा.

उदाहरणादाखल मंगळाची येती प्रतियुती, म्हणजे पृथ्वीवरून पाहता तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला येण्याची वेळ, घेऊ. ती १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे. आधी स्टेलॅरियम उघडून आपले गाव निवडावे, वातावरण आणि जमीन दाखवणे बंद करावे, मघा नक्षत्रातील ठळक तारा निवडून तो मध्यभागी धरून ठेवावा आणि डिसेंबर २०२६ पासून एप्रिल २०२७ पर्यंत आठवड्या-आठवड्याने पुढे जावे. मंगळ ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत सिंह राशीत येतो, जानेवारीत थबकतो, मग मागे फिरून पश्चिमेकडे जाऊ लागतो, प्रतियुतीच्या सुमारास मघेच्या ताऱ्याजवळून जातो आणि वसंताच्या सुरुवातीला पुन्हा थबकून पूर्वेची वाट धरतो. हेच वक्री आणि मार्गी होणे.

आता याच तारखा सेलेस्टिया किंवा आइजमध्ये लावून सूर्यमालेकडे वरून पाहावे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने आतल्या वाटेने जात असते आणि मंगळ सुमारे २४ किलोमीटर वेगाने बाहेरच्या वाटेने. फेब्रुवारीत पृथ्वी मंगळाला गाठून पुढे निघून जाते, त्या वेळी दोघांतील अंतर सुमारे १० कोटी किलोमीटर असते. या काळात पृथ्वीपासून मंगळाकडे जाणारी रेषा मनाने ताऱ्यांपर्यंत वाढवली, तर तिचे टोक मागे सरकताना दिसते. मंगळ क्षणभरही उलटा फिरलेला नसतो. पृथ्वी अशी दर ७८० दिवसांनी सरासरीने त्याला गाठते, म्हणून वक्रीकालही त्याच अंतराने येतो.

हा प्रयोग घाईने करू नये. आधी आकाशातली चाल पुरती पाहावी, ती का होत असेल याचा स्वतः विचार करावा आणि मगच वरून पाहावे. आपल्याकडील आणि इतरत्रच्याही गणितज्ञांना शतकानुशतके पहिलेच दृश्य उपलब्ध होते. त्या एका दृश्यावरून त्यांनी ग्रहगणित किती अचूकतेपर्यंत नेले, याची कल्पना अशा क्रमाने पाहिल्यावरच येते.

युतीचेही असेच आहे. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले होते, पण बाजूने पाहिल्यास त्या दिवशी त्यांच्यामध्ये ७० कोटींहून अधिक किलोमीटरचे अंतर असल्याचे दिसते. ‘सर्व ग्रह एका रेषेत येणार’ असा संदेश फिरू लागला, की त्या तारखेची सूर्यमाला वरून पाहावी आणि ती प्रतिमा उत्तरादाखल पाठवावी.

प्रश्न : अभियांत्रिकीच्या प्रकल्पासाठी मी ब्राउझरमध्ये चालणारी सूर्यमाला तयार करत आहे. पृथ्वीजवळ सर्व ठीक दिसते, पण नेपच्यूनच्या ट्रायटन चंद्राजवळ गेल्यावर चित्र थरथरते. चूक सापडत नाही. (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तुमच्या सूत्रांत बहुधा चूक नाही, संख्या साठवण्याच्या मर्यादेमुळे हे घडत आहे. चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड साधारणपणे ३२ बिटांच्या दशांश संख्या वापरते आणि त्यांत सुमारे सात अंकच विश्वासार्ह राहतात. सूर्य केंद्रस्थानी धरून किलोमीटरमध्ये स्थान लिहिले, तर नेपच्यूनच्या अंतरावर लगतच्या दोन संख्यांमधला फरक सुमारे ५०० किलोमीटरचा होतो. ट्रायटनचा व्यासच २,७०० किलोमीटर आहे. त्यामुळे तो आणि तुमचा कॅमेरा अशा मोठ्या उड्या मारत सरकतात.

उपाय असा, की सर्व स्थाने ६४ बिटांत ठेवावीत. जावास्क्रिप्टमधील संख्या मुळातच तशा असतात आणि नेपच्यूनच्या अंतरावरही त्यांची अचूकता मिलिमीटरच्या घरात राहते. प्रत्येक चित्रापूर्वी प्रत्येक वस्तूच्या स्थानातून कॅमेऱ्याचे स्थान याच अचूकतेने वजा करावे आणि उरलेला लहान आकडाच ग्राफिक्स कार्डाकडे पाठवावा. म्हणजे कॅमेरा कायम शून्यावर राहतो आणि विश्व त्याच्याभोवती सरकते. जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींतून आरपार दिसत असतील, तर खोलीची नोंद लॉगॅरिदमी पद्धतीने ठेवण्याचा पर्यायही वापरावा.

ग्रहांच्या कक्षांसाठी जेपीएलने दिलेली १८०० ते २०५० या काळाची अंदाजी कक्षामूल्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला पुरेशी आहेत. त्यांत वेळेवरून ग्रहाचे कक्षेतील स्थान काढून देणारे केप्लरचे समीकरण सोडवावे लागते आणि त्याचे थेट उत्तर काढण्याचे साधे सूत्र नाही. न्यूटनच्या पद्धतीने चार-पाच आवर्तने केली की ग्रहांसाठी काम भागते. कोन अंशांत आहेत की रेडियनमध्ये, हे प्रत्येक ओळीत तपासावे. शेवटी काही तारखांची स्थाने जेपीएलच्या ‘होरायझन्स’ या सर्वांना खुल्या असलेल्या सेवेतून घेऊन तुमच्या उत्तरांशी ताडून पाहावीत. प्रकल्पाच्या अहवालात हा तुलनेचा तक्ता अवश्य द्यावा. सुंदर चित्रापेक्षा त्याला अधिक मोल आहे. आणि ट्रायटन नेपच्यूनच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने प्रदक्षिणा घालतो, हेही तुमच्या चित्रात बरोबर येते का ते पाहावे.

प्रश्न : मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांची इतकी दाटी दिसते, तर याने त्यातून सुखरूप कशी जातात? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दाटी पडद्यावर आहे, अवकाशात नाही. गुरूची संपूर्ण कक्षा पडद्याच्या रुंदीत मावली असेल, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे ८ लाख किलोमीटर येतात. म्हणजे दोन पिक्सेलचा साधा ठिपका सूर्यापेक्षाही मोठा झाला. या पट्ट्यातील सर्वांत मोठ्या सेरेसचा व्यास मात्र ९४० किलोमीटरच्या आसपास आहे आणि पट्ट्यातील सर्व लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या काही टक्केच भरते. पायोनियर-१० हे यान १९७२-७३ मध्ये या पट्ट्यातून पहिल्यांदा पार झाले, आणि त्यानंतर गेलेल्या यानांनाही तेथे वाट काढत जावे लागलेले नाही.

लघुग्रहांविषयी कुतूहल असेल तर जेपीएलचाच ‘आइज ऑन ॲस्टेरॉइड्स’ हा कार्यक्रम पाहावा. त्यात अपोफिस हा लघुग्रह निवडून १३ एप्रिल २०२९ ही तारीख लावावी. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिलच्या पहाटे तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्या उंचीपेक्षाही जवळून जाईल. पृथ्वीला त्याच्यापासून किमान शंभर वर्षे धोका नाही, हे २०२१ मधील रडार-निरीक्षणांनंतर स्पष्ट झाले आहे. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा त्या दिवशी वळते, तेव्हा ती तारीख ओलांडण्यापूर्वीची आणि नंतरची कक्षा अशा दोन्ही पाहून ठेवाव्यात.